पाणी उकळलं, चिमटा राहिला

“हा धनुर्वात नाही,” सांगलीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या थोरल्या भावानं दाराशीच देवाला हात जोडले. “ट्रिसमस आहे. म्हणजे जबड्याचे स्नायू आखडून तोंड मिटलंय. दाढेच्या जागी पू झालाय. तो हाडात उतरला, तर मात्र जबडा असाच अडकून राहील.”

माझ्या तोंडात करंगळी जात नव्हती. पेज ओठांच्या फटीतून ओढून प्यायची. मी कोरेगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. तोंडच उघडलं नाही तर शिकवणार काय, डोंबल? लई घाबरले होते मी.

झालं होतं असं. पटकीची साथ ओसरून शाळा नुकतीच उघडली होती. पाणी उकळूनच प्या म्हणून मी गावाच्या मागे हात धुऊन लागले होते. आणि दाढ ठणकायला लागली तशी बाजाराच्या दिवशी दात काढणाऱ्यापुढे जाऊन बसले! त्यानं आधीच्या गड्याचा दात उपटला, चिमटा धोतराला पुसला आणि घातला माझ्या तोंडात. चूळ भरायला मात्र मी घरून तांब्याभर उकळलेलं पाणी नेलं होतं.

भावानं हे सांगितल्यावर डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “बाई, पाणी उकळलंत, मग चिमट्यानं काय घोडं मारलं होतं?” मला हसू आलं, पण हसायचीही सोय नव्हती.

त्यांनी गाल बाजूला ओढून हिरडीला बाहेरच्या अंगानं चीर देऊन पू काढला. पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. हे जंतू मारणारं औषध दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे नवीनच मिळू लागलं होतं. दर सुईला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहणं हा निराळाच वैताग. एक पेशंट झाला की हत्यारं उकळेपर्यंत दुसऱ्याला आत घेत नसत. एक पैलवान गाल धरून कुरकुरला, “डाक्टर आत च्या करत्यात का काय?” भाऊ म्हणाला, “बस रं गड्या. न उकळल्याचा परताप हितं शेजारीच बसलाय बघ.” मी त्याला कोपरानं ढोसलं.

सूज उतरली. मग डॉक्टरांनी उकळलेल्या चपट्या काड्या दातांत धरायला लावल्या. रोज एक काडी वाढवायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण जबडा हलत होता. शेवटी भाकरीचा तुकडा तोंडात गेला आणि मी खरोखर रडले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

निघताना ते म्हणाले, “एकाच्या तोंडाचं दुसऱ्याच्या तोंडात जाईल, ते सगळं सांभाळा. नुसतं पाणी नव्हे.”

बायांनो, म्हणूनच आता आमच्या शाळेत प्रत्येकीजवळ पाटी पुसायला स्वतःचं ओलं फडकं असतं. हे सुरू झालं मी परतले त्या दिवसापासून. अजून जपूनच, दबक्या आवाजात शिकवत होते. समोरच्या पोरीनं पाटीवर थुंकी टाकली, तळव्यानं पुसली आणि त्याच हातानं शेजारणीला चिंच दिली. तिनं ती तोंडाकडे नेली.

“अगं ए भवाने! टाक ती!”

चिंच खाली पडली. मग मागून एकजण ओरडली, “आगं, बाईंचं त्वांड उघडलं!”

पोरी टाळ्या पिटायला लागल्या. दटावायचं सोडून मीही हसत सुटले, दाढेची रिकामी जागा साऱ्या वर्गाला दिसेपर्यंत.