पैलवान बंदूक धरत नाही

खुर्चीत बसल्या जागी शड्डू ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. उजवा पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा, हातात माझ्या व्हिडिओ गेमचा रिमोट. टीव्हीवर एखादा लुटारू चाल करून आला, की हे गृहस्थ रिमोट पोटावर ठेवायचे, डाव्या मांडीवर फाडकन थाप मारायचे आणि विचारायचे, "वस्ताद कोन रे तुझा?" तेवढ्या वेळात लुटारूने दोन गोळ्या घातलेल्या असायच्या.

लातूरला आमच्या गल्लीत त्यांना सगळे पैलवानच म्हणत. तरुणपणी आसपासच्या जत्रांत त्यांनी पुष्कळ कुस्त्या मारल्या होत्या. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलं होतं. एवढा मोठा देह नुसता बसून राहिला तर घरात काय होतं, ते त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला दारात येऊन सांगितलं. "सर, दुपारचं ह्यांना तुमच्याकडं बसू द्या. मी भाजी चिरून राहिले तरी मला मनगट कसं धरायचं ते शिकवून राहिलेत."

मी एका क्लासमध्ये गणित शिकवत होतो. माझ्या तुकड्या सकाळी आणि संध्याकाळी असत, दुपार मोकळी. त्या दुपारी मी गेम खेळण्यात घालवत होतो, हे गल्लीत फक्त काकूंना माहीत होतं.

गेम असा, की मोठ्या युद्धात जग संपलंय. शहरांची राख झालीय, उरलीसुरली माणसं पडक्या इमारतींत राहतात. आपण एक माणूस घडवायचा आणि त्या उजाड मुलखात सोडून द्यायचा. मग तो भटकतो, लढतो, जगतो किंवा मरतो. पैलवानांनी पहिल्या दिवशी सगळं नीट पाहून घेतलं. पडक्या टाकीपाशी माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती.

"हे जग बुडाल्यावरचं हाय म्हणता?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, आपल्या मागच्या गल्लीतलं हाय."

माणूस घडवायची वेळ आली. नाव काय द्यायचं, असं मी विचारलं.

"माणिक," ते लगेच म्हणाले.

ताकद, बुद्धी, चपळाई, बोलणं यांत गुण वाटायचे असतात. पैलवानांनी सगळे ताकदीला टाकले. बुद्धीला काहीच उरलं नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "लागंल तशी येती ती." मग गेमने माणिकचा भूतकाळ विचारला. शिपाई, डॉक्टर, चोर, शेतकरी, यांतलं एक निवडायचं होतं. पैलवान त्यात नव्हताच. त्यांनी नाइलाजाने शेतकरी निवडला आणि बाकीची हकीकत मला तोंडी सांगितली.

"शिरूर अनंतपाळचा हाय. बाप लहानपणीच गेला, मामानं वाढवला. तालमीत सगळ्याच्या आधी हजर. हसला की डाव्या गालाला खळी पडती. खळी टाका, सर."

"पैलवान, या गेममध्ये शिरूर अनंतपाळ नाही."

"जग बुडालं म्हणून गाव बुडतंय व्हय?"

मी खळी टाकली.

आता तुम्ही म्हणाल, गेममध्ये लढायचं म्हणजे बंदूक घ्यायची आणि चालवायची. माणिकच्या पायाशी बंदुकांचा खच पडे, तो एकही उचलत नसे. "पैलवान बंदूक धरत न्हाई," एवढंच उत्तर. समोरून गोळ्यांचा पाऊस, आणि आमचा माणिक उघड्या अंगाने, लांग कसल्यासारखा दोन्ही हात पसरून पळत सुटलेला. पैलवान खुर्चीत डावीउजवीकडे झुकत, कोपर मारत. माझे चहाचे दोन कप त्यात गेले. शत्रू पडला तर त्याच्या खिशातली औषधं घ्यायची असतात, पण तेही नाही. "पडल्याल्याच्या खिशात हात घालायचा न्हाई." मग पैलवान हात धुवायला गेले, की मीच घाईघाईने खिसे तपासून घ्यायचो, नाहीतर माणिक पहिल्याच आठवड्यात उपाशी मेला असता.

एकदा त्या राखेत तीन शिंगांची एक म्हैस भेटली. तिला मारून मांस खायचं असतं. पैलवान सबंध दुपार तिच्याभोवती घिरट्या घालत राहिले. "धार कोन्त्या बटनानं काढायची?" तसं बटण नाही म्हटल्यावर ते गेम बनवणाऱ्यांविषयी जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही.

बुद्धी नसल्यामुळे माणिकला नीट बोलताही येत नसे. गावाचा मुखिया कळवळून सांगायचा, धरणावर एका चिलखती राक्षसाने कब्जा केलाय, आमचं पाणी सोडव. त्यावर माणिक इंग्रजीत एवढंच बोले, "पाणी. चांगलं."

"काय म्हणला आपला माणिक?" पैलवान विचारायचे.

"म्हणाला, बाबांनो, काळजी करू नका. हा देह पडला तरी चालेल, पण तुमचं पाणी मी सोडवीन."

पैलवान समाधानाने मान डोलवायचे. "बोलायला गोडच होता तो."

'होता' हा शब्द मला खटकला, पण तेव्हा मी विचारलं नाही. मग तो चिलखती राक्षस आला आणि न विचारताच कळलं.

राक्षस पायावर वार करायचा. हाताला लागलं, डोक्याला लागलं, तरी पैलवान बेफिकीर. पण माणिकचा पाय जायबंदी झाला आणि तो लंगडायला लागला, की हे ओरडायचे, "मागं घ्या सर, मागं घ्या!" मग मी साठवून ठेवलेला जुना टप्पा काढायचो आणि लढाई पहिल्यापासून. असं रोज चाललं. शेवटी मी म्हटलं, "लंगडत लढू द्या ना. मरत नाही तो."

पैलवानांनी रिमोट खाली ठेवला.

"माणिक खरा हाय, सर," ते म्हणाले. "आम्ही एका तालमीतले. जत्रंला आमची कुस्ती लागली. म्या डाव टाकला आन् त्याचा पाय कडकन वाजला. हलगी थांबली, एवढं ध्यानात हाय. त्यानं कुस्ती सोडली. शिरूरला पिठाची गिरणी घातली म्हणतात. म्या पुना त्या वाटंला गेलो न्हाई. कोन्त्या तोंडानं जाऊ?" आणि स्टुलावरच्या आपल्या पायाकडे बघत म्हणाले, "आता हे असं बसल्यावर कळून राहिलंय."

काकू दारात ताकाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि त्या बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, करणाऱ्यांतल्या होत्या. शिरूरला त्यांची मावसबहीण राहते. त्याच संध्याकाळी फोन गेला.

पुढच्या रविवारी भर दुपारी माझ्या दारात एक वाळकेसे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. भुवयांवर पीठ होतं. पैलवानांनी वर पाहिलं आणि ऑपरेशनचा पाय विसरून उठायला गेले.

"बस बस," पाहुणे म्हणाले. "पडशील आन् माझ्यावर येईल." ते हसले. डाव्या गालाला खळी पडली.

पाहुण्यांनी टीव्हीकडे बघून विचारलं, "ह्यो कोन?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"म्या? आन् उघडा का फिरतोय?"

त्यांनी रिमोट मागून घेतला. कुठलं बटण कशाचं, तेवढं विचारलं. समोर राक्षस उभा. पहिल्याच फटक्यात माणिकचा पाय गेला. पैलवान ओरडले, "मागं घ्या सर!" पण रिमोट माझ्याकडे नव्हता. माणिकराव शांतपणे माणिकला सरपटत एका भिंतीमागे घेऊन गेले.

"हितं बंदूक पडलीय की चांगली."

"पैलवान बंदूक धरत न्हाई!"

"म्या कुटं पैलवान हाय? म्या गिरणी चालवतो." आणि त्यांनी राक्षसाला झोडपून काढलं. लपायचं, डोकं वर काढायचं, ठो, पुन्हा लपायचं. राक्षस कोसळला, धरणाचा दरवाजा उघडला, गावात पाणी आलं. मुखिया रडला. माणिकरावांनी तोवर राक्षसाचे सगळे खिसे रिकामे केले होते.

"पडल्याल्याच्या खिशात..." पैलवान कळवळले.

"दवा हाय त्याच्याजवळ. माझा पाय मोडलाय, दिसंना का तुला?"

पैलवानांचा चेहरा बघवेना. "माणिक," ते म्हणाले, "त्या जत्रंत..."

"अरे, सोड. तू सोडवलंस मला." माणिकराव काठीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले. "मला दूध पचत न्हवतं. वस्ताद रोज तांब्या पुढं करायचे, मी प्यायचो आन् दिवसभर पोट धरून फिरायचो. सांगायची लाज. तुझा डाव बसला आन् दूध सुटलं. पाय तर चार-सा महिन्यात जुळला. ही काठी म्हातारपनाची हाय."

पैलवान बघतच राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "आन् म्या इतकी वर्सं शिरूरची बस बघितली तरी तोंड फिरवून राहिलो! दुधापायी?"

"मग यायचं होतंस की. दूध न्हाई, चहा पाजला असता."

ते आधी भांडले, मग हसले, मग पैलवान पंच्यात तोंड खुपसून बसले. मी आणि माणिकरावांनी टीव्हीवरचं पाणी बघितलं.

काकूंनी चहा आणला, घट्ट, दुधाचा. माणिकरावांनी दोन कप घेतले, वर सायीचं बोट चाटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. दारातल्या पायऱ्या उतरताना माणिकराव प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टेकवून मग उजवा ओढत होते. आम्ही दोघांनीही पैलवानांना त्यातलं काही सांगितलं नाही.

पैलवानांचा पट्टा निघाला आणि माझ्याकडचं येणंही सुटलं. मी एकट्याने पुढचा गेम खेळून पाहिला, पण समोरच्या लुटारूंना वस्ताद आहे की नाही, हे विचारल्याशिवाय मारणं आता बरं वाटेना. मी गेम बंद केला आणि दुपारची एक तुकडी वाढवून घेतली.

परवा क्लासवरून येताना ते बसस्टँडवर दिसले. शिरूरची गाडी लागत होती. पैलवानांनी खिडकीतून आपला टॉवेल आत टाकून जागा धरली होती, आणि एक कॉलेजचा मुलगा त्याच जागेवर हक्क सांगत होता. मी हाक मारली.

"पैलवान, कधी येता खेळायला?"

"येतो की, सर. आज जमना. माणिकच्या गिरणीचा पट्टा बदलायचाय, एकट्याच्यानं व्हईना त्याच्या."

गाडी सुटली. त्या मुलाला त्यांनी अर्ध्या जागेवर बसवून घेतलं होतं आणि स्वतः निम्मे बाहेर लोंबत, मोठमोठ्याने त्याला विचारत होते, कोन्त्या गावचा, कोनाचा, दूध पचतंय का न्हाई.