रफूवाल्या आत्याची सूज

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. ती रफू करते. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काउंटरमागे, खिडकीला लागून एक टेबल आहे. त्या टेबलावर दिवा आणि दिव्याखाली मान घालून आत्या. कोटाच्या बाहीला सिगारेटने भोक पडलेलं असो की स्वेटरला कसर लागलेली असो, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार दोरे उसवून काढते आणि त्यांनीच भोक विणून टाकते. काम झालं की गिऱ्हाईक कापड उजेडात धरतं, उलटंपालटं करतं आणि विचारतं, "फाटलं होतं कुठे हो?" आत्या पुढचं कापड ओढते. त्या दिवशी फक्त घरी येताना गुणगुणत येते.

आईबाबा दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे मी वाढले ती त्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात. आता आईबाबा नाहीत आणि आम्ही दोघी एका घरात राहतो. लग्न तिनेही केलं नाही, मीही नाही. कोणी कारण विचारलं की आम्ही एकमेकींकडे बोट दाखवतो. भांडतोही भरपूर. पण माझ्यात जे काही धड आहे ते तिने घातलेलं आहे, आणि हे तिला तोंडावर सांगितलं तर ती उठून भांडी घासायला लागते. म्हणून लिहून टाकते.

पन्नाशी उलटली आणि तिच्या हातांनी संप पुकारला. सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत. पेरं सुजून गरम झालेली. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. ऊन वर आलं की बोटं हळूहळू सुटायची आणि ती काही झालंच नाही अशा थाटात कामाला निघायची. शेवटी मी तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. संधिवाताचाच एक प्रकार निघाला, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं.

डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "सूज म्हणजे वाईटच असं नाही, मावशी. कुठे लागलं, जंतू शिरले, की शरीराचे पहारेकरी धावत येतात. म्हणून तिथे लाल होतं, सुजतं. काम झालं की त्यांनी परत जायचं असतं. तुमचे जात नाहीत. चोर नसताना घरच्यांनाच बडवत बसलेत."

"मग हाकलून द्या त्यांना," आत्या म्हणाली.

"हाकलले, आणि उद्या खरा चोर आला तर? त्यांना ताळ्यावर आणायचं, झोपवायचं नाही. औषध जास्त झालं तरी पंचाईत, कमी पडलं तरी पंचाईत. किती द्यायचं ते मला तुमचे हात बघूनच कळणार. तेव्हा दर वेळी हात दाखवायला यायचं."

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बातमी लागली आणि त्या प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर घेऊन हजर. मी म्हटलं, "वहिनी, हिची शक्ती आधीच नको तितकी आहे, थोडी तुम्हीच घेऊन जा." वहिनी रागावल्या, पण डबा ठेवून गेल्या. तो अजून शिक्कामोर्तब केल्यासारखा बंदच आहे.

आत्या तपासणीला एकटीच जायची. "तुझी रजा कशाला वाया घालवतेस?" म्हणायची. परत आली की एकच उत्तर, "बाई खूश आहेत. गोळ्या त्याच." आणि घरात मी बघत होते की सकाळची बोटं दिवसेंदिवस जास्तच आखडतायत. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरीणबाईंचा उद्धार करत होते. डोळे आहेत की नाहीत या बाईला?

लाँड्रीवाले काका भला माणूस. त्यांनी गाजावाजा न करता बारीक रफूची कामं दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली आणि आत्यासमोर बटणं नि हुक ठेवायला लागले. तिला कळायचं ते कळलं. एक दिवस जेवताना घास तसाच ठेवून म्हणाली, "सुई सुटली तर मी करू काय गं? मला दुसरं काही येतच नाही."

त्यानंतरच्या तपासणीला मी हट्टाने रजा काढली. सकाळी उठून बघते तर काय, आत्या स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसलेली. मग कपाटाच्या मागून तिने एक जुनं पाकीट काढलं. माझ्या नकळत गाठलेल्या आधीच्या एका डॉक्टरने दिलेल्या, सूज झटक्यात उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या. एक तोंडात टाकली. आदल्या दिवशीही टाकली होती, हे नंतर कळलं. मग नखं कापली, हातांना क्रीम चोळलं.

"आत्या, तपासणीला चाललीस की फोटो काढायला?"

"चार लोकांत असले हात घेऊन जायचं का?"

दवाखान्यात बाई म्हणाल्या, "मूठ मिटा बघू." आत्याने अशी झकास मूठ मिटली की मीसुद्धा क्षणभर फसले. "छान," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काही छान नाही!" मी ओरडलेच. "रोज सकाळी हिला दाराची कडी उघडत नाही. आज तुमच्यासाठी गरम पाण्याने हात शेकून, चोरून गोळी खाऊन आली आहे ही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता आमची दोघींची हजेरी घेणार. पण त्यांनी फक्त विचारलं, "का, मावशी?"

आत्याने हात मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाली, "भोक दाखवायची सवयच नाही हो मला. माझ्या कामात भोक दिसलं की काम वाया."

"आणि माझ्या कामात दिसलं नाही तर वाया," बाई म्हणाल्या. "वरून सूज उतरलेली दिसते, आणि खाली सांधा झिजत राहतो. मी बघते, खूश होते, आणि गोळी तेवढीच ठेवते. या स्टिरॉइडच्या गोळ्या अशा मनाने घ्यायच्या नाहीत, मनाने सोडायच्याही नाहीत. किती घेतल्या ते सगळं खरं सांगा मला. आणि पुढच्या वेळी सकाळची पहिली वेळ तुमची. उठाल तशा या."

पुढच्या तपासणीच्या सकाळी आत्याच्या कपड्यांची बटणं मी लावली. केस मी विंचरले. लहानपणी ती माझे विंचरायची तेव्हा मी जितकी वळवळायची तितकीच ती वळवळत होती. रस्ताभर ओढणीखाली हात झाकून चालली. बाईंच्या समोर मात्र तिने ओढणी बाजूला केली आणि ते सुजलेले, अर्धवट उघडे हात टेबलावर ठेवले. बाईंनी एकेक पेर दाबून पाहिलं. आत्या दुखलं तिथे "आई गं" म्हणाली, मोठ्याने. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला रडू आलं.

औषध बदललं. रक्ताच्या तपासण्या नेमाने सुरू झाल्या. झोप वेळेवर, रोज थोडं चालणं, बोटांचे व्यायाम, आणि अधूनमधून सुई खाली ठेवून हात मोकळे करणं. बाईंनी एक ताकीद दिली, "या औषधाने पहारेकरी जरा सुस्तावतील. ताप आला, जखम चिघळली, तर झाकायचं नाही. लगेच यायचं." लाँड्रीवाले काकांनीही हात दिला. "तुम्ही उशिरा या, गिऱ्हाईक थांबेल," म्हणाले, आणि कात्रीच्या मुठीला स्वतः मऊ पट्टी गुंडाळून ठेवली. या माणसाचे उपकार मी कसे फेडणार, देव जाणे.

बरी झाली असं मी म्हणणार नाही. हा आजार मुक्कामालाच आलेला आहे. पण हळूहळू सकाळची कडी उघडायला लागली, मग कप एका हातात आला, आणि एका संध्याकाळी आत्या सांगत आली की काकांनी लोकरी कोट तिच्यासमोर ठेवला.

अशातच ती एकदा भरदुपारी घरी आली. चेहरा पांढराफटक. तर्जनी वर धरलेली. आदल्या दिवशी सुई खोल घुसली होती आणि आता बोट लाल, गरम, टरटरून सुजलेलं. "बघ," म्हणाली. दारातूनच. चप्पलही काढली नव्हती. मला कळेना, जुनं दुखणं उलटलं की जखम बिघडली. आम्ही तशाच निघालो.

बाईंनी बोट उलटसुलट करून पाहिलं, बाकीचे सांधे दाबले, आणि हसल्या. "हे तुमच्या आजाराचं नाही, मावशी. सुई घुसली, पहारेकरी आले. जिथे यायचं तिथेच आले. म्हणजे औषधाने त्यांना गाढ झोपवलेलं नाही, ते अजून जागे आहेत. दाखवायला आलात हे उत्तम केलंत. लाली पसरली किंवा ताप आला तर ताबडतोब या."

लाली पसरली नाही. आत्या दर थोड्या वेळाने ते बोट खिडकीशी नेऊन न्याहाळत होती, आणि मी तिला न्याहाळत होते. सूज चढायची तेवढी चढली, आणि मग आपणहून ओसरली. एका सकाळी चहा ओतता ओतता तिने बोट माझ्या नाकासमोर धरलं. टोचल्याचा बारीक ठिपका तेवढा उरला होता.

"आली, काम केलं, गेली," आत्या म्हणाली. "शहाणी गं बाई माझी."

ज्या सुजेला तिने इतकी वर्षं शिव्या दिल्या, तिच्याशीच ती लेकीशी बोलावं तसं कौतुकाने बोलत होती. मग तिने सुयांचा डबा उघडला, सुई काढली आणि त्याच बोटाने दोरा ओवला. मी चहा तसाच ठेवून बघत राहिले. बाईंचे, काकांचे आणि त्या एका बोटाच्या सुजेचे मी मनातल्या मनात आभार मानले.