सासूबाई स्कीइंग शिकल्या तो हिवाळा

सासूबाई नागपूरहून आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या, तेव्हा मी स्कीइंग शिकायला लागून जेमतेम महिना झाला होता.

आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहत होतो. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, पण ऑफिसं वेगळी. माझ्या टीममध्ये मी एकटीच भारतीय होते. फेब्रुवारीत शाळांची हाफ टर्मची सुट्टी संपली की सोमवारी निम्मी टीम आल्प्समधून परत यायची. चेहरे लालभडक, फक्त गॉगलच्या जागी पांढरे पट्टे. आठवडाभर किचनमध्ये चहा करताना दुसरा विषय नसायचा. कोण कुठल्या उतारावरून आलं, कोण कसं पडलं. मी कप विसळत ऐकायची आणि हसायची. आत मात्र जळायची. मला त्या गप्पांत बोलायला काहीतरी हवं होतं.

म्हणून मी एका सप्टेंबरात गावाबाहेरच्या टेकडीवर रविवारचा क्लास लावला. तिथे बर्फ नव्हता. टेकडीच्या एका बाजूवर ब्रशच्या केसांसारखी प्लास्टिकची जाळी अंथरलेली, आणि ती निसरडी राहावी म्हणून तिच्यावर पाण्याचे फवारे. पडलं की कोपरं सोलवटायची. जाळीत अंगठा अडकून मोडतो म्हणून हातमोज्यांशिवाय वर सोडत नसत. नवऱ्याला मी "येतोस का बघायला?" असं दोनदा विचारलं. "प्लास्टिकवर घसरतेयस ते काय बघायचं?" म्हणाला आणि क्रिकेट बघत बसला. मला वाईट वाटलं, पण एक बरंही वाटलं. ती टेकडी माझी एकटीची होती.

सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सासरे जाऊन दहा वर्षं झाली होती. कामावर त्या कायम सायकलने गेल्या, आणि ट्रंक कॉल जोडून जोडून त्यांचं इंग्रजी माझ्याहून सफाईदार झालं होतं. आल्याच्या पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "तू कुठे जाऊन राहिलीस ग सकाळी सकाळी?"

मी सांगितलं.

"मी येऊ? इथे बसून तरी काय करू?"

नाही कसं म्हणणार? पहिले दोन रविवार त्या खाली बाकावर बसल्या, मांडीवर शाल, हातात चहाचा थर्मास. मी पडले की त्या तोंडावर हात ठेवायच्या. हसत होत्या की घाबरत होत्या, ते मला वरून कळायचं नाही. तिसऱ्या रविवारी आमचे शिक्षक त्यांच्याजवळ गेले. पन्नाशीचे, दाढीवाले, मितभाषी गृहस्थ. "तुम्हाला बघायचंय का करून?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, आई नको म्हणतील. आईंनी शाल घडी करून बाकावर ठेवली आणि बुटाचा नंबर विचारला.

त्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याची जुनी ट्रॅक पँट घातलेली होती. शिक्षकांनी त्यांना टेकडीच्या पायथ्याशी, जिथे लहान मुलं शिकतात तिथे उभं केलं. स्कीची टोकं आत वळवून वेग कसा कमी करायचा, ते दाखवलं. आई सरळ खाली आल्या आणि थांबल्या. परत वर गेल्या, परत खाली आल्या. चौथ्या वेळी वळल्या.

मला वळायला तीन आठवडे लागले होते.

"तुला उताराची भीती वाटते, म्हणून तू मागे रेलतेस," शिक्षक मला म्हणाले. "त्या पुढे झुकतात. हे शिकवून येत नाही."

मी "हो का!" म्हणाले आणि खूप आनंद झाल्यासारखा चेहरा केला.

नोव्हेंबर संपेपर्यंत त्या माझ्या बरोबरीला आल्या. डिसेंबरात पुढे गेल्या. टेकडीवर नियमित येणारी माणसं त्यांना ओळखायला लागली. कुणी त्यांना वाफाळती कॉफी आणून देई, कुणी आपल्या पोराला म्हणे, बघ त्या बाई कशा गुडघे वाकवतात. मला तिथे चार महिन्यांत कुणी नावही विचारलं नव्हतं. आता मी 'त्यांची सून' झाले.

हेही मी सोसलं असतं. पण जानेवारीत एका रविवारी नवरा सकाळी आठला तयार होऊन बसला, गळ्यात नवा डिजिटल कॅमेरा.

"कुठे?" मी विचारलं.

"आईला बघायला येतोय. काय ग्रेट करतेय म्हणे ती!"

त्या दिवशी त्याने साठेक फोटो काढले. घरी येऊन कंप्यूटरवर बघताना मी मोजले. मी तीन फोटोंत होते, तीनही वेळा आईंच्या मागे, आणि एकात मी आडवी पडलेली होते. त्यानंतर त्याने एकही रविवार चुकवला नाही. मी भाजी चिरताना मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. मी बोलावलं तेव्हा तू आला नाहीस. मी पडून पडून शिकले, ते तुला बघायचं नव्हतं. पण हे मोठ्याने कसं बोलणार? कोणती सून म्हणेल की माझ्या सासूचं कौतुक करू नका?

मार्चमध्ये ऑस्ट्रियाला जायचं ठरलं. माझ्या टीममधली चारपाच जणं जाणार होती, मीही नाव दिलं होतं. नवरा म्हणाला, "आईलाही नेऊ, खरा बर्फ बघू दे तिला." आम्हा तिघांचे शेंगेन व्हिसा काढायचे होते. सकाळी सहाला वकिलातीबाहेर रांगेत उभे राहिलो तेव्हा माझ्या मनात आलं, आईंचा नाकारला तर? लगेच मीच मला दटावलं. तिघांचेही व्हिसा मिळाले.

जायच्या आधीच्या रविवारी शिक्षकांनी आम्हाला दोघींना बोलावून घेतलं. तिकडच्या स्की स्कूलमध्ये पहिल्या दिवशी वर्ग निवडावा लागतो, म्हणाले. मग आईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या वर्गात जा." आणि माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "तू मात्र परत पहिल्यापासून सुरू कर. घाई नको."

माझ्या टीमच्या माणसांसमोर मी बाळांच्या वर्गात आणि सासूबाई वर, हे चित्र घेऊन मी घरी आले. दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मंगळवारी संध्याकाळी आई चटणी वाटत होत्या. मी प्रवासाच्या विम्याचे कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले, आणि मिक्सर बंद व्हायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, एक प्रॉब्लेम आहे. मी विमा कंपनीला फोन केला होता. पंचावन्नच्या वरच्यांना स्कीइंगचा विमा नाही देत. काही झालं तर हॉस्पिटलचं सगळं आपल्यावर."

फोन मी केलेलाच नव्हता.

आईंनी मिक्सर बंद केला. चटणी चमच्याने वाटीत काढली. मग म्हणाल्या, "बरं. मग मी बघीन तुम्हाला." रात्री जेवताना नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. तो हळहळला, पण विम्याचं मीच बघायचे, त्यामुळे त्याने काही विचारलं नाही.

ते ऑस्ट्रियातलं गाव लहानसं होतं. उतरत्या छपरांची लाकडी हॉटेलं, आणि गावाच्या डोक्यावरच डोंगर. पहिल्या सकाळी आईंनी खिडकी उघडली आणि कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग आम्ही केबल कारच्या बंद पाळण्यातून वर गेलो. वरच्या कॅफेबाहेर त्यांना खुर्ची घेऊन दिली आणि मी दुसऱ्या वर्गात नाव दिलं. नवरा पहिल्या वर्गात गेला.

खरा बर्फ प्लास्टिकपेक्षा कितीतरी मऊ होता. पडलं तरी लागत नव्हतं. मी पडतही होते कमी. टीममधल्या एकीने लांबून हात हलवून "ब्रिलियंट!" म्हटलं. हेच तर मला हवं होतं. पण प्रत्येक फेरीच्या शेवटी त्या कॅफेसमोरूनच यावं लागे, आणि आई तिथे कोट गळ्यापर्यंत ओढून बसलेल्या असत. त्या माझ्याकडे बघत नसत. त्या लोकांच्या पायांकडे बघत असत. डोंगरावर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसले की मी स्वतःला समजावत असे की हे त्यांच्याच भल्यासाठी आहे. या वयात हाड मोडलं म्हणजे? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला ते जवळजवळ पटलंही होतं.

त्याच दुपारी नवऱ्याचा गुडघा मुरगळला. गावातल्या डॉक्टरने पट्टी बांधून दिली आणि आठवडाभर स्की बंद म्हणून सांगितलं. जेवणाआधी हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये बसून त्याने विमा कंपनीला फोन लावला. मी आणि आई समोर बसलो होतो. गुडघ्याचं सगळं सांगून झाल्यावर तो सहज म्हणाला, "आणि माझी आई आहे अठ्ठावन्नची, तिच्यासाठी जादा पैसे भरून काही करता येईल का?"



तो ऐकत राहिला. मग फोन ठेवून माझ्याकडे वळला. "ते म्हणतायत पासष्टपर्यंत सगळ्यांना आहे. आईचं नाव आहे त्यात. तू फोन केला होतास ना?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात आई म्हणाल्या, "अरे, ती सांगून राहिली होती तेव्हा माझा मिक्सर चालू होता. ती पासष्टच म्हणाली असेल. मीच पंचावन्न ऐकलं आणि घेऊन बसले."

"पण मलाही ती हेच म्हणाली."

"मी म्हटलं म्हणून तिलाही तसंच वाटलं असेल. आता सोड ना. भूक लागली मला."

त्याने सोडलं. मला वाचवलं म्हणून मी कृतज्ञ व्हायला हवं होतं. पण ताटातल्या चीज घातलेल्या नूडल्स चिवडताना माझ्या मनात आलं, यातही या माझ्या पुढे! मला खोटंसुद्धा धड बोलता आलं नव्हतं, आणि यांनी दोन वाक्यांत सगळं मिटवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईंनी बूट, स्की भाड्याने घेतले. वर जाताना खुर्चीच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. पाय खाली लोंबकळत होते, बर्फाळ झाडांचे शेंडे खालून सरकत होते.

"आई," मी म्हटलं, "काल तुम्ही..."

"मला राग आला आहे," त्या समोर बघत म्हणाल्या. "त्याच्यासमोर बोलले नाही, याचा अर्थ आला नाही असं समजू नको. दोन दिवस त्या खुर्चीत बसून राहिले मी. परत इथे येणं होणार आहे का माझं?"

"चुकलं माझं."

"काहून केलंस?"

मी खरं तेच सांगितलं. वर्गाचं, फोटोंचं, सून म्हणून ओळखलं जाण्याचं. नवरा माझ्यासाठी एकदाही आला नाही, तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तो यायला पाहिजे होता. ते त्याचं चुकलं. त्याला मी बोलीन." पुढे म्हणाल्या, "पण मला चांगलं येते, हे काही मी चुकले नाही. त्याची मी माफी मागणार नाही, सांगून ठेवते."

"मागू नका."

"आता उतर. पुढे झुक, मागे रेलू नको."

उरलेले चार दिवस त्यांनी लिफ्ट बंद होईपर्यंत स्कीइंग केलं. माझ्या टीममधली माणसं माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलली. नवरा गुडघा वर ठेवून कॅफेबाहेर बसायचा. आईंनी त्याला काय सांगितलं मला माहीत नाही, पण एकदा मी खाली आले तर त्याने कॅमेरा माझ्यावर रोखलेला होता. मला बरं वाटलं. आणि आईंनी सांगितलं म्हणून तो हे करतोय, हेही लगेच टोचलं. माझा मत्सर असा एका सकाळीत जाणारा नव्हता.

शेवटच्या दुपारी आम्ही दोघी लांबच्या निळ्या उतारावरून येत होतो. निळा म्हणजे तिथला सोपा. आई पुढे, मी वीसेक फूट मागे. एका वळणावर बर्फाचा ढिगारा आला, त्यांची एक स्की निघाली आणि त्या चांगल्या दणदणीत पडल्या. टोपी एकीकडे, काठी दुसरीकडे. पाच महिन्यांत मी त्यांना इतकं जोरात पडताना पाहिलं नव्हतं. लागलं तर नसेल ना, असं वाटायच्या आधी मला आनंद झाला. तो माझ्या चेहऱ्यावर आला असणार, कारण मी जवळ जाऊन थांबले तेव्हा त्या पाठीवर पडून माझ्याकडेच बघत होत्या.

"झालीस खूश?"

"थोडी," मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. मग मलाही हसू फुटलं, आणि त्यांना उठवायला वाकले तशी मीच घसरून त्यांच्या शेजारी पडले. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. एकाने थांबून मदत हवी का विचारलं. आईंनी झोपल्या झोपल्याच त्याला ऑपरेटरच्या आवाजात, नको, धन्यवाद, म्हणून सांगितलं.