कोबेला गेलेला कडीचा डबा

कोबे शहरात मी एकवीस दिवस राहिले. त्यातले अठरा एका डब्यामागे गेले.

डबा माझा नव्हता, सासूबाईंचा होता. घट्ट झाकणाचा, कडीचा, स्टीलचा. त्यांच्या आईने लग्नात दिलेला, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला. पौडजवळच्या गावच्या घरातून मी तो न विचारता उचलला होता. कारण जपानला लेकीकडे न्यायच्या सामानाच्या यादीत मी ‘बेसनलाडू, चाळीस’ असं लिहिलं होतं, आणि चाळीस लाडू मावतील असं भांडं सूसच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकही नव्हतं. (यादीत ‘विचारणे’ असा मुद्दा नव्हता. यादीत नसलेली कामं मी करत नाही.)

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला गेले आणि चुकले. तिथे कुठल्या वारी कुठला कचरा हे ठरलेलं असतं. शेजारच्या ओनोबाई, वय सत्तरच्या पुढे, धावत आल्या. रागावल्या नाहीत. हातमोजे घालून त्यांनी आमची पिशवी स्वतः निवडली, बाटल्या वेगळ्या केल्या आणि वारांचा एक रंगीत तक्ता माझ्या हातात ठेवला. तक्ता! सात रकाने, प्रत्येकाला वेगळा रंग. मला अगदी भरून आलं. तासाभरात निम्मे लाडू डब्यासकट त्यांच्या घरी पोचवून आले.

संध्याकाळी मुक्ता, म्हणजे आमची लेक, कामावरून आली.

“आई, लाडू दिलेस ते ठीक. पण कागदी पिशवीतून द्यायचे ना.”

“आपण काय भेळवाले आहोत?”

“इथे काही दिलं की माणसं उलट काहीतरी देतातच. तशी रीत आहे.”

“मग चांगलंच आहे की.”

दोन दिवसांनी डबा आला. घासून लखलखीत, आत सहा पिकली जपानी फळं, आणि वरून निळ्या चौकोनी रुमालाची सुबक गाठ. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण रुमाल त्यांचा होता, आणि कुणाची वस्तू रिकामी परत करायची नाही हे मी लहानपणापासून पाळत आले आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत चकल्या घालून द्याव्यात, तर ती पिशवी कुठल्या वारी टाकायची हे बघायला बिचारीला तक्ता काढावा लागणार. शिवाय गाठ डब्याच्या मापाची होती. डबा पुन्हा गेला.

पुन्हा आला. तांदळाच्या खारट चकत्यांनी भरलेला, त्याच रुमालात.

त्यांच्या बाजूने डबा रिकामा येईना, माझ्या बाजूने रुमाल रिकामा जाईना. दहाव्या दिवशी आमच्या ह्यांनी कपाट उघडलं.

“चिवडा कुठंय?”

“ओनोकाकूंकडे.” (तोवर त्या काकू झाल्या होत्या.)

“चकल्या?”

“ओनोकाकूंकडे.”

“मग मी जेवायला तिकडेच जातो.”

बाराव्या दिवशी शेंगदाण्याची चटणी तेवढी उरली होती, तीही मूठभर. एवढ्या मोठ्या डब्याच्या तळाशी ती ठेवून मी जड मनाने दिली. दुसऱ्या दिवशी ओनोकाकू दारात कमरेत वाकून उभ्या. एका हातात रुमालात बांधलेला डबा, दुसऱ्या हातात लाकडी पेटीत ठेवलेलं, फीत बांधलेलं खरबूज. त्या बोलत होत्या, मुक्ता भाषांतर करत होती.

“त्या म्हणतायत, इतकं थोडं दिलंय म्हणजे फार दुर्मीळ वस्तू असणार.”

“दाणे आहेत ते,” हे म्हणाले.

मुक्ताने त्याचं भाषांतर केलं नाही. खरबुजाची किंमतही सांगितली नाही. पेटीकडे बघत नुसती खाली बसली.

नेमका तेव्हाच गावाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

“सुनंदा, फळीवरचा माजा कडीचा डबा दिसत न्हाई गं.”

“असेल तिथंच, आत्याबाई.” मी फोन छताकडे वळवला.

“न्हाई. म्या समदं हुडाकलं. आईची तेवडीच एक वस्तू हाय माज्याकडं. आन छत का दावतीस?”

“दिवा चांगलाय इथला.”

मी त्या दिवशीच डबा बॅगेच्या तळाशी घातला आणि यादीत लिहिलं: डबा कुणालाही न देणे. खाली दोन रेघा मारल्या.

पण खरबूज! निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ते मला टोचत राहिलं. शेवटी शिरा केला. मुक्ताच्या घरात भांडी म्हणजे दोन वाट्या, एक कुकर आणि एक तवा. शेजारणीला शिरा कुकरमधून देणार का? डबा बॅगेतून निघाला.

“आई, उद्या सकाळी तुमची बस आहे,” मुक्ता म्हणाली.

“सकाळी मागून घेऊ.”

सकाळी ओनोकाकूंच्या दाराला कुलूप. तीनदा घंटी वाजवली. विमानतळाची बस तिथे कुणासाठी थांबत नाही. मी बसमध्ये बसले आणि सासूबाईंना काय सांगायचं याची यादी करू लागले. पहिलाच मुद्दा सुचेना.

बस सुटायला मिनिटभर असताना फुटपाथवरून निळं काहीतरी पळत येताना दिसलं. सत्तरीपुढच्या ओनोकाकू, धापा टाकत. भरायला काही मिळावं म्हणून बाजार उघडायची वाट बघत थांबल्या होत्या म्हणे. डबा माझ्या हातात ठेवून त्या वाकल्या, मी वाकले, बॅगा चढवणारा माणूस वाकला, आणि बस वेळेवर सुटली. डबा मांडीवर घेऊन मी विमानतळापर्यंत रडत गेले.

पौडला जाऊन सगळं कबूल केलं. सासूबाईंनी झाकण उघडून आतलं लाल, खारवलेलं फळ तोंडात टाकलं. एक डोळा मिटला.

“आवळा खारवल्यागत लागतंय. आन हे फडकं कुनाचं?”

“त्यांचंच. गडबडीत राहिलं.”

“म्हंजी बाई एवडी पळत आली आन तू तिला मोकळ्या हातानं लावून दिलीस व्हय?”

त्या उठल्या. नाचणीचे लाडू त्याच डब्यात भरले, रुमालाची गाठ मारली आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

“दे धाडून.”

“आत्याबाई, डबा तिकडेच जाईल. तुमच्या आईंची वस्तू ना ती?”

“मग? आई बी भरूनच धाडायची.”

डबा पोचला. मुक्ताने फोटो पाठवलाय: ओनोकाकूंचं टेबल, त्यावर डबा, सासूबाईंचं नाव समोर येईल असा ठेवलेला. माझ्या यादीत आता एकच काम उरलंय: कोबेला जाऊन डबा आणणे, जाताना बेसनलाडू चाळीस.

त्याखाली आमच्या ह्यांनी पेन्सिलने लिहिलंय: “कशात?”