सुलूच्या देवमाशाची शेपटी

त्या सकाळी खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझे जावई प्रकाशराव, घरी येणारी नर्स आयलीन आणि डोनल. डोनल म्हणजे तिकडे आयर्लंडला, कॉर्कच्या किनाऱ्यावर, देवमासे कुठे दिसले त्याची नोंद ठेवणारी मंडळी आहेत, त्यांचा म्होरक्या. उंच, पांढऱ्या दाढीचा, बोलायला कमी. आमच्या चौघांच्या मधे माझी मुलगी गेली. डॉक्टर सुलभा. मी सुलू म्हणायची. आयलीनने उठून खिडकी उघडली. त्यांच्यात तशी रीत आहे, जाणाऱ्याला वाट मोकळी असावी म्हणून. थंड वारा आत आला, समुद्राचा वास आला... आणि मला वाटलं, चला, ही आपल्या माणसांत गेली.

आता मी देवगडच्या बाजूला माझ्या घरी परत आलेय. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून मी बोलतेय आणि पुतणी लिहून घेतेय. रडगाणं गायचं नाही हे तिला आधीच सांगितलंय.

सुलूचे बाबा काविळीने गेले तेव्हा ती पाळण्यात होती. मी बंदरावरून मासळी उचलायची आणि डोक्यावर पाटी घेऊन वरच्या गावांतून विकायची. पावसाळ्यात मासळी बंद, तेव्हा सुकं विकायची, तेही नसलं तर लोकांच्या शेतात लावणीला जायची. काही दिवस पेज होती, काही दिवस नुसतं पेजेचं पाणी. त्याचं काय सांगायचं, पुष्कळांचं तसंच होतं. पोर मात्र हुशार निघाली. मिरजेला डॉक्टरकीला गेली. तिथे हॉस्टेलात मुली म्हणायच्या, हिच्या ट्रंकेला बांगड्याचा वास येतो. ही म्हणायची, येणारच, बांगडे विकूनच भरलीय ती. पुढे आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात लागली. तिथल्या मोठ्या डॉक्टरने विचारलं, आई काय करते, तर हिने सरळ सांगितलं, मासे विकते. मला हे प्रकाशरावांनी सांगितलं. ती स्वतः असलं काही सांगायची नाही.

देवमाशांचा नाद तिला तिकडेच लागला. सुट्टीच्या दिवशी वाळूत फिरायला गेली, तर एक मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला होता आणि डोनल एकटाच टेप घेऊन त्याची लांबी मोजत होता. ओळख ना पाळख, त्याने टेपचं टोक हिच्या हातात दिलं. हिने धरलं... ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मग सुट्टी मिळाली की डोंगराच्या टोकावर जाऊन दुर्बीण लावून उभी. फवारा कुठे उठला, पाठ किती वेळ दिसली, कुठल्या दिशेला गेला, सगळं डोनलला फोन करून सांगायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही घेऊन गेली. साडीवर जावयाचा जाड कोट, डोक्याला मफलर, आणि वारा असा की दात वाजायचे. मी म्हटलं, ह्यासाठी तुला डॉक्टर केली काय गो? तर हसली. म्हणाली, आये, कुबड असलेला जो मोठा देवमासा असतो ना, तो बुडताना शेपटी वर काढतो. त्या शेपटीच्या खालच्या अंगाला काळेपांढरे डाग असतात, प्रत्येकाचे वेगळे. फोटो मिळाला तर त्याला नंबर मिळतो, मग तो जगात कुठेही दिसला तरी ओळखता येतो. फोटो नसेल तर तो नुसता एक मोठा मासा.

आणि तिला तो फोटो हवा होता. आधी एकदा तिने असा मासा पाहिल्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्या सभेत पॅडी नावाचा एक म्हातारा होडीवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, डॉक्टरीणबाई, तुमच्याकडच्या गरम पाण्यात लाटेलापण शेपटी असते वाटतं. लोक हसले. हीपण हसली. पण मला माहीत आहे ती कधी कशी हसते.

म्हणून त्या दिवशी तिने दुर्बीण स्वतः धरली आणि कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. शिकवलं पण होतं, इथे दाबायचं, सोडायचं नाही. दुपार कलली, आणि समोर फवारा उठला. पाठ आली. मग ती शेपटी... अहो, काय सांगू. दोन होड्यांची शिडं एकदम उभी राहावी तशी, पाणी गाळत. आमच्या घरात रीत आहे, देवमासा दिसला की त्याच्याकडे बोट करायचं नाही, डोळे मिटून हात जोडायचे. मी तेच केलं.

"आये, फोटो काढलंस मा?"

"नाय गो. हात जोडलंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली गवतात बसली आणि तोंड दोन्ही हातांत धरलं. रडते की हसते कळेना. दोन्ही करत होती.

घरी येऊन तिने डोनलला फोन लावला. तो म्हणाला, तुझ्यावर माझा विश्वास आहे, मी नक्की म्हणून लिहितो. हिने नको सांगितलं. बहुतेक तो कुबडवालाच, पण डाग नीट दिसले नाहीत, असं लिही म्हणाली. मला राग आला. म्हटलं, डोळ्यांनी बघितलंस ना, मग आपलं म्हणणं कित्याक हलकं करतेस, त्या पॅडीला परत बोलायला मिळेल. तर म्हणाली, "आये, पेशंटच्या छातीत मी जे ऐकलं नाही ते मी लिहीत नाही. इथे कशाला लिहू?"

पाटी डोक्यावर घेऊन मी जन्मभर जे चालले ना, ते ह्या एका वाक्यात मला परत मिळालं.

मग तिला तो आजार झाला. ऑपरेशन झालं, केस गेले. काही विचारलं की तिकडच्या लोकांसारखं एकच उत्तर, ग्रँड, म्हणजे एकदम छान. भूक आहे? ग्रँड. दुखतंय? ग्रँड आहे गो. मी परत गेले ती राहायलाच. गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला खाडीत बारीक मासळीचे थवे आले आणि त्यांच्यामागे देवमासे आले असं डोनलने कळवलं. तिला उभं राहवत नव्हतं. प्रकाशरावांनी गाडी पार टोकापर्यंत नेली. ती आत बसून काचेवर दुर्बीण टेकवून बघत होती. मी बाहेर, कॅमेरा घेऊन. तिने मला काहीच शिकवलं नाही ह्या वेळी, आठवणही करून दिली नाही. नुसती म्हणाली, तो बघ. शेपटी वर आली. माझे हात आपोआप जवळ येत होते. मी मनात म्हटलं, देवा, थांब जरा, तुझा नमस्कार मागाहून करते... आणि दाबलं.

घरी येऊन फोटो बघितले, तर बरेचसे नुसत्या पाण्याचे. एकात माझा अंगठा. आणि एकात ती शेपटी, अख्खी, एका बाजूला पांढरा डाग, कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा. डोनलने त्यांच्याकडच्या सगळ्या फोटोंशी ताडून बघितला. हा मासा कोणी नोंदवलेला नव्हता. त्याला नवा नंबर मिळाला. पाहणारी म्हणून सुलूचं नाव, आणि तिने हट्ट धरला म्हणून फोटो काढणारी म्हणून माझं. त्या सभेला ती चाकाच्या खुर्चीत बसून गेली. पॅडीने तो फोटो हातात घेतला आणि एवढंच म्हणाला, "चुकलो डॉक्टर. ही लाट नव्हे." सुलू म्हणाली, गरम पाण्याची नव्हेच. सगळा हॉल हसला, आणि ह्या वेळी ती खरी हसली.

मी इकडे परत आल्यावर डोनलचा प्रकाशरावांना फोन आला. तोच मासा, तोच कोयत्यासारखा डाग, तिकडेच पूर्वेकडे दुसऱ्या किनाऱ्यावर एका बाईला दिसला. तिने फोटो पाठवला आणि लगेच ओळख पटली. म्हणजे तो जिवंत आहे, फिरतोय. प्रकाशराव फोनवर रडले. मी नाही रडले. मी चहा ठेवला, दोन कप मांडले, मग एक परत उचलून ठेवला.

हे वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. तुम्ही आपल्या किनाऱ्यावर राहात असाल आणि समुद्रात असं काही मोठं दिसलं, तर घरी जाऊन नुसती गोष्ट सांगू नका. त्याचा फोटो काढा, आणि कधी, कुठे दिसला ते ह्या कामातल्या कोणाला तरी कळवा.