संगीताला बर्फावर थांबता आलं नाही

हिंगोलीकरांनो, आपण आपल्या लेकरांना न दाखवलेल्या मैदानावर लढायला पाठवतो. हे दुःख तुमचंही आहे.

आज दुपारी आमची संगीता सिमल्याहून कळमनुरीला परतली. बाजार समितीच्या सिमेंटवर चाकांचे स्केट्स घालून हॉकी शिकलेली ही पोर बर्फावरच्या हॉकीच्या निवडीला गेली होती.

स्टँडवर मी विचारलं, "काय झालं गं?"

"सर, पळाले सगळ्यांच्या पुढं. पण थांबताच येईना."

चाकांवर मागचा पाय घासत थांबायचं, हे मीच शिकवलेलं. बर्फावर स्केट्सची दोन्ही पाती आडवी करावी लागतात. ती पाय घासत राहिली आणि तीनदा कठड्यावर आदळली. यादीत तिचं नाव आलं नाही.

मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून तिला न्यायला आलेले वडील म्हणाले, "सर, ती निघाली तवा तुमी तासभर भाषण केलं. तेवढा येळ पोरीला बर्फावर काहून न्हाई उभं केलं?"

मी तिची पिशवी उचलून गावाकडच्या जीपमध्ये ठेवली.

"स्केट्स दुसऱ्या कुणाला द्या, सर," एवढंच बोलून संगीता जीपमध्ये बसली.

तुमच्यापैकी कोणी बर्फाचं मैदान असलेल्या शहरात राहत असेल, तर मे महिन्यात पंधरा दिवस बर्फावरच्या सरावासाठी तिला घरी ठेवून घ्या. आजच या पोस्टखाली तसं लिहा.