एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस

आमचे हे डॉक्टर होता होता राहिले, असं केडगावात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. कोणी म्हणतं डोकं चाललं नाही, कोणी म्हणतं बायकोनं मोडता घातला. मी पडले शाळामास्तरीण, तोंडानं फटकळ, तेव्हा खापर माझ्यावर फुटायचंच. पण जे झालं ते मी शेजारी बसून पाहिलंय, म्हणून सांगते.

यांचं नाव कानिफनाथ. पंचायत समितीत विस्तार अधिकारी. गावोगावच्या ग्रामपंचायतींची दप्तरं तपासायचं काम. सुरुवात मात्र ग्रामसेवक म्हणून झाली, पाथर्डीच्या पलीकडं, कोरड्या मुलखात. नोकरी सांभाळून बी.ए. झाले, एम.ए. झाले, आणि सहासष्ट साली यांनी डोक्यात घेतलं की राज्यशास्त्रात पीएच.डी. करायची. विषय धरला ग्रामपंचायतीतल्या बायकांचा. कायद्यानं प्रत्येक पंचायतीत दोन बायका मेंबर घ्याव्या लागत. त्या सभेला येतात का, बोलतात का, त्यांच्या बोलण्यानं काही होतं का, ते हुडकायचं.

कचेरीत यांची रोज टर उडायची. काय डॉक्टर, सुई कधी टोचताय, म्हणून विचारायचे लोक. हे नुसते हसायचे. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की एसटी धरायची, कुठल्यातरी गावचं प्रोसिडिंग बुक म्हणजे सभेची वही उतरवून घ्यायची, आणि रविवारी त्याचे तक्ते आखायचे मी. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बारा गावं, चोवीस बायका, सहा वर्षं. माझे सगळे रविवार त्या फूटपट्टीनं खाल्ले. चिडायची मी, नाही कशाला म्हणू? पण संगमनेरच्या कॉलेजात जागा निघणार होती, आणि एकतीस मार्च त्र्याहत्तरच्या आत प्रबंध गेला तरच यांचा नंबर लागणार होता. त्यानंतर नोंदणीही संपत होती. दप्तरं तपासून तपासून या माणसाचा जीव विटला होता. त्यांना शिकवायचं होतं. म्हणून मी रेघा मारत राहिले.

चोवीस बायकांत पहिला नंबर लंकाबाईचा. एक्केचाळीस सभा, एक्केचाळीस हजेऱ्या, प्रत्येकीपुढं निळा अंगठा. गाव तेच, जिथं हे पूर्वी ग्रामसेवक होते. यांना केवढा आनंद. त्यात तिच्या वस्तीवर मंजूर झालेली विहीर गावठाणात न्यावी, असा एक ठराव होता. सूचक सरपंच आप्पासाहेब, अनुमोदक लंकाबाई. यांनी त्यावर अर्धं पान लिहिलं, आणि मी ते घोटून घोटून सुंदर अक्षरात उतरवलं: दुष्काळी भागातील निरक्षर स्त्रीदेखील वस्तीचा स्वार्थ बाजूला ठेवून साऱ्या गावाच्या हिताचा विचार करते, याचे हे उत्तम उदाहरण होय. ते वाक्य उतरवताना माझ्या अंगावर काटा आला होता.

बहात्तरच्या भाद्रपदात यांचे पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, प्रबंध झालाच आहे, दोन-चार बायकांना समक्ष भेटून तेवढं घाला. बायामाणसं यांच्याशी मोकळं बोलायची नाहीत, म्हणून मी बरोबर निघाले. पहिली लंकाबाई. आमच्या डोक्यात ती पुढारीणच होती. मी तर जरीकाठाचं लुगडं नेसून गेले, काय सांगू.

पावसानं त्या साली पाठ फिरवली होती ती फिरवलीच. फाट्यावर उतरून कोसभर चालत वस्तीवर गेलो. आठ-दहा घरं. लंकाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन समोरून आली, पस्तिशीची असेल, पण ओढून गेलेली. नवरा खडी फोडायला गेला होता. तिनं आधी आमच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी ती किती लांबून आणते ते नंतर कळलं, तेव्हा मला घोट घेतल्याचीच लाज वाटली.

यांनी वही उघडली, पेन काढलं, आणि सभेला जाता तेव्हा कुठं बसता, म्हणून विचारलं. तिला प्रश्नच कळेना. कसली सभा, म्हणाली. पंचायतीची, तुम्ही मेंबर आहात ना? ती माझ्याकडं बघायला लागली, हा माणूस चेष्टा करतोय का, अशा नजरेनं. मग म्हणाली, शिपाई महिन्याच्या महिन्याला वही घेऊन येतो, अंगठा घेतो आणि जातो, ते रेशनचं असंल. दिवाळी झाली की हे दोघं नवरा-बायको ऊस तोडायला कोपरगावकडं जायचे, ते चैत्रातच परत यायचे. आल्यावर शिपाई राहिलेले सगळे अंगठे एकदम घेऊन जायचा.

 मार्गशीर्ष, पौष, माघ, सगळ्या महिन्यांत मी स्वतःच्या हातानं तिच्यापुढं 'हजर' लिहिलं होतं. बाई तिकडं कोपरगावच्या फडात कोयता चालवत होती.

हे घामाघूम झाले. बुडणारा माणूस धरतो तसं यांनी त्या विहिरीला धरलं. म्हणाले, बरं, सभेचं राहू द्या. विहिरीच्या ठरावाला तुम्ही अनुमोदन दिलंत, ते तरी आठवतं का? तिला अनुमोदन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग मीच शहाणीनं समजावून सांगितलं. म्हटलं, वस्तीवरची विहीर गावात न्यावी असं आप्पासाहेब म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, व्हय, न्यावी.

 तिनं हंड्यावरचं फडकं काढलं, पिळलं, परत घातलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आमाला पानी नगं, असं मी म्हनले?"

यांनी मान खाली घातली. ती विहीर शेवटी आप्पासाहेबांच्या मळ्याच्या बांधाला खणली गेली होती. तिथं या वस्तीला भरू देत नव्हते. दोन वर्षं वस्तीतल्या बायका आप्पासाहेबांच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि त्यांत लंकाबाईचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग तिनं यांच्याकडं निरखून पाहिलं. "तुमी ते ग्रामसेवक भाऊसाहेबच न्हवं का? आमच्या आत्याबाई मेंबर हुत्या, रंगुबाई. तुमीच तर वही घरी आनायचे. म्हंजी तीच ही वही, तवापास्नं घरीच येती."

 परतीच्या एसटीत यांनी मला सगळं सांगितलं. रंगुबाई, म्हणजे लंकाबाईची सासू, पहिल्या सभेला चावडीच्या दाराशी येऊन बसली, तेव्हा बाप्ये फिदीफिदी हसले. म्हातारी पदर तोंडावर घेऊन निघून गेली. यांना वाईट वाटलं. दुसऱ्या महिन्यापासून हे स्वतः वही घेऊन तिच्या ओट्यावर जायचे, ठराव वाचून दाखवायचे आणि मग अंगठा घ्यायचे. चांगुलपणानंच केलं. पण यांची बदली झाली, वाचून दाखवणं बंद पडलं आणि वही तेवढी फिरत राहिली. हाताखालून शेकडो वह्या गेल्या, पण ती रीत अजून चालू असेल, हे यांच्या मनातच आलं नव्हतं. काळ बदलला असं धरून चालले होते.

बाकीच्या अकरा गावांत जायची माझी हिंमत नव्हती. हे गेले. आल्यावर एवढंच म्हणायचे, तिथंही वही घरीच जाते. 

त्या दिवशी वस्तीवरून निघताना लंकाबाई फाट्यापर्यंत आमच्याबरोबर आली होती. माझा हात धरून म्हणाली, "बाई, वस्तीवर कुनाला सांगू नका. बाया मला पान्यावर उभी करनार न्हाईत." ती चोर नव्हती, पण तोंड चोरासारखं झालं होतं.

पुण्याचे सर यांना म्हणाले, वह्या सरकारी आहेत, तुम्ही त्यातलंच मांडलंय, तुमचं काय चुकलं? गावाचं नाव बदला आणि द्या. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू! सहा वर्षं माझीही गेली होती. मी भांडले, रडले, अबोला धरला. म्हटलं, अहो, त्या बाईला कुठं कळणार आहे? कोण वाचतंय तुमचा प्रबंध?

ते म्हणाले, "तिचा अंगठा एकदा तिला न सांगता घेतला. आता माझ्या पदवीसाठी दुसऱ्यांदा घेऊ का?"

मी तक्त्यांचा गठ्ठा उचलून ट्रंकेत ठेवून दिला. 

सगळं नव्यानं लिहायला मुदत पुरणार नव्हती. तरी कचेरीत यांनी अर्ज दिला की ठराव समोर वाचल्याशिवाय कोणाही बाईचा अंगठा घेऊ नये, आणि वही घरी नेण्याची रीत त्या गावात मीच पाडली. खाली सही. त्या अर्जाचं काय झालं ते मला विचारू नका.

एकतीस मार्च शनिवारी आला. हे सायकल काढून रोजच्यासारखे कचेरीत गेले. मी ट्रंक उघडून तक्त्यांचा गठ्ठा काढला. वरतीच लंकाबाई होती, माझ्या सुबक अक्षरात, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. फूटपट्टी घेतली, त्या आकड्यावर सरळ रेघ मारली, आणि शेजारी शून्य लिहिलं. मग खालच्या तेवीसजणींना हात घातला.